नाथसागराचा उघडा पडणारा काठ: प्रकल्प नोंदी

२२ ऑक्टोबर, पैठण

धरण भरलेलं आहे. पहिली नोंद भरलेल्या पाण्यावर घ्यायला मिळाली ते बरं झालं, कारण आम्हाला मोजायचंय ते इथून पुढे पाणी ओसरत जाईल तेव्हाचं.

नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले १०२ टीएमसी. पाण्याचा पसारा साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली आठ-साडेआठ मीटरच निघते. एवढ्या मोठ्या धरणाला ही खोली काहीच नाही. म्हणूनच पाणी थोडं उतरलं तरी काठ लांबवर मागे सरकतो आणि मागे ओल्या काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यावर गाळपेर होते. हरभरा, गहू, ज्वारी, कांदा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच जमीन पुन्हा पाण्याखाली जाते.

धरणाच्या पाण्याचे नमुने बहुतेक भिंतीजवळून किंवा जॅकवेलपासून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीपासून, घेतले जातात. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याला तिथूनच पाणी जातं, त्यामुळे ते रास्तच आहे. पण पाण्याचा स्वभाव ठरतो तो या उघड्या-बुडत्या पट्ट्यात, असं मला गेली काही वर्षं वाटत आलंय. वर्षभर याच पट्ट्यात राहून हे तपासायचं, एवढंच या प्रकल्पाचं काम.

९ नोव्हेंबर

रब्बीची आवर्तनं सुरू झाली. डाव्या-उजव्या कालव्यांना पाणी सुटलं की उतार रोज डोळ्यांनी दिसतो. बांधापासून पाण्यापर्यंत सरळ रेषा आखल्या आणि ठरावीक अंतराला एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटी टाकल्या.

वनस्पतींचे पट्टे स्पष्ट आहेत. वर कोरड्यात वेडी बाभूळ आणि हरळी. त्याखाली बेशरमाच्या जाळ्या, लव्हाळा, माका. ओल्या गाळात जलपिंपळी आणि नाळीच्या भाजीचे लांब वेल. गुडघाभर पाण्यात पाणकणीस. त्यापुढे पाण्याखाली हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, पोटॅमोजेटॉन आणि तळाशी कारा. कारा दिसायला वनस्पतीसारखी असली तरी ती शैवालातली. हातात चुरगळली की वाळू चोळल्यासारखी करकरते आणि उग्र वास येतो. ती करकर चुन्याची असते. कारा दाट वाढलेली दिसली की मला आनंद होतो, कारण ती नितळ पाण्यात टिकते आणि पाणी नितळ ठेवते.

२ डिसेंबर

आज चोवीस तासांचं मापन. पहाटे सहापासून दर दोन तासांनी पीएच, तापमान, विरघळलेला ऑक्सिजन आणि क्षारता. मीटर होतं, तरी ऑक्सिजनसाठी विंकलरची पद्धतही वापरली. बुडापेस्टच्या लायोश विंकलरने १८८८ मध्ये दिलेली ही पद्धत आजही मीटरला जाब विचारते. शिवाय विद्यार्थ्यांना ऑक्सिजन डोळ्यांनी दिसावा असं मला वाटतं. बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड टाकलं की साका बसतो. ऑक्सिजन असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. हायड्रिलाच्या दाटीतल्या पहाटेच्या बाटलीत फिकट पिवळसर साका होता. दुपारी दोनच्या बाटलीत गच्च तपकिरी, वरचं पाणी दिसेना.

समुद्रसपाटीला २० अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून मुरून लिटरमागे ९.१ मिलिग्रॅमपर्यंत ऑक्सिजन राहू शकतो, पैठणच्या उंचीवर त्याहून थोडा कमी. दुपारी आम्हाला त्याच्या कितीतरी वर आकडा मिळाला. पाणी अक्षरशः फसफसत होतं, पानांच्या कडेने बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या. तेच पाणी पहाटे निम्म्यावरही नव्हतं. रात्रभर सगळेच श्वास घेतात, वनस्पतीसुद्धा, आणि देणारं कोणी नसतं.

पीएचही तसाच हलला. सकाळी आठच्या आसपास होता, दुपारी नऊच्या वर गेला. पीएच ८.३ च्या पुढे गेला की पाण्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ उरत नाही. हायड्रिला तेव्हा बायकार्बोनेटवर येते. ते वापरताना पानाच्या वरच्या बाजूला पाणी इतकं अल्कधर्मी होतं की कॅल्शियम कार्बोनेट तिथेच जमतं.

हे प्रत्यक्ष पाहायचं म्हणून हायड्रिलाची एक फांदी काचेच्या बशीत घेतली. पानांचा वरचा भाग राखाडी, खरखरीत, नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. खालचा भाग हिरवा आणि गुळगुळीत. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला, पापुद्र्यावर बारीक फेस आला आणि पान स्वच्छ हिरवं झालं. आपल्या बसाल्ट खडकातून आणि काळ्या मातीतल्या चुनखड्यांतून विरघळून आलेलं कॅल्शियम इथे पुन्हा घट्ट होतंय, आणि घट्ट होताना थोडं फॉस्फेटही स्वतःत अडकवून खाली नेतंय. हायड्रिला काढून फेकायच्या मोहिमा निघतात, तेव्हा पाण्यातून काय काढलं जातंय याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

नमुने ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून तिथेच गाळले आणि बर्फात ठेवले.

२० डिसेंबर

गाळपेरीचा गहू हातभर झालाय. पाणी जसं मागे जातं तसे शेतकरी मोटारी पुढे नेतात, आणि मोटारीपर्यंत पाणी यावं म्हणून पाणकणसातून चारी खोदतात. आज आमच्या रेषेलगत रान असलेले मामा चारी मोकळी करत होते.

“काय शोधू राहिल्या ताई, रोज रोज त्या चिखलात?”

मी सांगितलं, तुमचं खत शोधतेय मामा.

ते हसले नाहीत. म्हणाले, “खत तर आम्हालाबी सापडंना. टाकतो एवढं, जातं कुठं?”

प्रश्न नेमका होता. पाळीवर बसून हिशेब मांडला. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोच्या वर. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ४६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड, निव्वळ फॉस्फरस धरला तर साधारण १० किलो. तलावाच्या पाण्यात लिटरमागे ३५ मायक्रोग्रॅमच्या वर फॉस्फरस गेला की ते पाणी अतिपोषित मानतात. त्या मापाने एका गोणीतला फॉस्फरस सुमारे २८ कोटी लिटर पाण्याला पुरतो. सगळा पाण्यात जात नाही, काळी माती त्यातला बराच धरून ठेवते. पण हीच माती पुढे चार-पाच महिने पाण्याखाली राहणार आहे, आणि तिथे ती वेगळी वागते.

मामा गोणीच्या आकड्यावर नाही, पण जमीन बुडाल्यावर काय होतं यावर बराच वेळ बोलत राहिले. बुडलेल्या रानात पहिल्या पंधरवड्यात मासोळी येत नाही, पाण्याला वास येतो, हे त्यांनीच सांगितलं. हे निरीक्षण सप्टेंबरात तपासायचं.

१७ जानेवारी

पाणकणसाचा एक कंद मुळांसकट उपटला. गाळ डांबरासारखा काळा, सडक्या अंड्याचा वास, म्हणजे तिथे ऑक्सिजन नाही आणि सल्फेटचं सल्फाइड झालंय. त्या काळ्यातून बाहेर आलेली मुळं मात्र गंजक्या तारेसारखी नारिंगी. पाण्यात हलवून धुतली तरी रंग जात नाही.

हा खरोखरच गंज आहे. पाणकणसाच्या पानात आणि खोडात हवेचे कप्पे असतात. वरच्या पानांत हवेचा दाब तयार होतो आणि ती हवा कंदापर्यंत वाहत जाते. मुळाच्या टोकातून थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपतो, गाळातलं विरघळलेलं लोह तिथे पोचलं की त्याचा गंज होतो आणि मुळावर बसतो. गंजाला फॉस्फेट घट्ट चिकटतं. मुळाचा एक तुकडा उभा चिरला: आत पांढरा पोकळ स्पंज, बाहेर केसाएवढी नारिंगी साल, आणि सालीला लागून लगेच काळा गाळ. सगळी रसायनं त्या केसाएवढ्या अंतरात बदलतात.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते, ती इथे लिहून ठेवते. पाणकणीस पाण्याच्या वर कापलं तर कंदाला हवा मिळत राहते, ते पुन्हा फुटतं. पाण्याखाली कापलं, वाळकी थोटकंही बुडवली, तर कंद गुदमरतो आणि मरतो.

२ फेब्रुवारी

आज जागतिक पाणथळ दिवस. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा जपण्याचा करार झाला. आपल्या राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, नांदूर मधमेश्वर, याच गोदावरीवर आपल्या वर आहे. जवळच्या शाळेची मुलं आली होती. दुर्बिणीपेक्षा त्यांना विंकलरची बाटली जास्त आवडली. वारकरी पक्ष्यांचे थवे हायड्रिला उपटून खात होते. एका मुलीने विचारलं की मग ते पक्षी पाण्यातलं खत बाहेर नेतात का. थोडं नेतात, थोडं तिथेच विष्ठेतून परत देतात. मोजलेलं नाही. मोजण्यासारखं आहे.

१९ फेब्रुवारी

बियाण्यांच्या साठ्याचा प्रयोग लावला. उघड्या पट्ट्यातला, गाळपेरीतला आणि पाणकणसाखालचा गाळ वेगवेगळ्या ट्रेमध्ये पसरला. निम्मे ट्रे फक्त ओले ठेवायचे, निम्मे चार बोटं पाण्याखाली. डार्विनने एका डबक्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल अभ्यासिकेत झाकून ठेवला होता. सहा महिन्यांत त्यातून ५३७ रोपं उगवली. काठच्या गाळात किती काही झोपलेलं असतं, हे तेव्हापासून माहीत आहे.

१६ मार्च

पैठणमध्ये नाथषष्ठीची गर्दी, जीप मिळाली नाही, ट्रेच मोजले. ओल्या ट्रेमध्ये ग्रँजिया आणि ग्लायनस ही ओलीतली रानरोपं, माका, लव्हाळा आणि पाणकणसाची केसासारखी रोपं. पाण्याखालच्या ट्रेमध्ये काराचे कोवळे धागे आणि हायड्रिला. एकाच गाळातून, पाणी किती यावर, दोन वेगळी रानं उगवली. गाळपेरीच्या ट्रेमध्ये ओल्यातली रोपं बरीच, पण पाण्याखालची कारा जवळजवळ नाही. वर्षानुवर्षं नांगरट झाली की तळातलं बियाणं कुठे जातं, खोल गाडलं जातं की संपतं, हे नांगराच्या तासाखालचा गाळ काढून बघावं लागेल.

२४ एप्रिल

उन्हाने पाणी आटतंय. कोणता क्षार नुसता आटण्याने वाढला आणि कोणत्यावर रासायनिक क्रिया झाली, हे ओळखायला क्लोराइड वापरतो. त्याला वनस्पती फारशा हात लावत नाहीत, तो खडा होऊन खाली बसत नाही. डिसेंबरच्या मानाने क्लोराइड जवळपास दीडपट झालंय. नुसतं आटलं असतं तर कॅल्शियमही दीडपट व्हायला हवं होतं. ते वाढलंच नाही, उलट किंचित उतरलं. मॅग्नेशियम मात्र क्लोराइडच्या पावलावर पाऊल ठेवून चढलं. म्हणजे गेलेलं कॅल्शियम डिसेंबरात पानांवर पाहिलेल्या त्या राखाडी पापुद्र्यात आहे. गावांचं सांडपाणी क्लोराइड आणतं हे खरं, म्हणून सांडपाण्याच्या नाल्यांजवळची ठिकाणं या हिशेबातून वगळली. बाकी ठिकाणी चित्र तेच आहे.

एका बशीतला फेस आणि साऱ्या काठाचा ताळेबंद असे जुळले, याचं समाधान फार मोठं आहे.

तीन चौकटी म्हशींनी चरून टाकल्या. चराई हाही पट्ट्याचाच भाग आहे, म्हणून त्या रद्द केल्या नाहीत; शेजारी काटेरी कुंपण घालून दुसऱ्या लावल्या.

१८ मे

पट्टा पूर्ण कोरडा. भेगांत हात मनगटापर्यंत जातो. भेगेच्या कडांना गंजाचे नारिंगी डाग, कारण हवा आत शिरलीय. पारदर्शक नळ्या ठोकून गाळाचे गाभे काढले: गव्हाच्या धसकटाचे, उघड्या गाळाचे, पाणकणसाखालचे. पाणकणसाचे दोन प्रकार घेतले, एक वाळक्या पाचोळ्यासकट, एक पाचोळा काढून. मामांच्या घरच्यांनी आणि आम्ही मिळून पाणकणसाच्या पट्ट्याचा अर्धा भाग कापून बांधावर नेला, उरलेला तसाच उभा ठेवला.

खोल भागात पाणी हिरवं. सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शैवालाच्या वसाहती. हायड्रिला जिथे तग धरून आहे त्या खाचेत मात्र पाण्याचा नितळपणा मोजायची पांढरी-काळी सेकी तबकडी तळापर्यंत दिसते.

१४ जून

मृगाचा पहिला पाऊस. रानाला वास सुटला. कोरडी माती भिजताच तिच्यातले सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात, कार्बन डायऑक्साइड आणि नत्र भसकन सुटतं. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेत काम करताना १९५८ मध्ये हे मांडलं. आजच नळ्यांमध्ये धरणाचं पाणी भरलं आणि त्या अंधारात ठेवल्या.

५ जुलै

नळ्यांचे निकाल. धसकटाच्या नळ्यांत पहिल्या दोन दिवसांत नायट्रेट उसळलं, मग पाण्यातला ऑक्सिजन संपत गेला तसं उतरलं. जिवाणूंनी त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडला. नायट्रेट संपलं आणि पाठोपाठ फॉस्फेट चढू लागलं. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडमधल्या सरोवरांच्या गाळावर १९४१-४२ मध्ये दाखवलेला क्रम हाच: ऑक्सिजन संपतो, गंजाचं लोह विरघळतं, त्याला धरून बसलेलं फॉस्फेट मोकळं होतं.

पाणकणसाबद्दल आशा होती की तिथे फॉस्फेट सुटणार नाही. पाचोळ्यासकटच्या नळ्यांत ते धसकटाइतकंच सुटलं. पाचोळा कुजताना ऑक्सिजन झपाट्याने खातो, लोह लवकर विरघळतं. पाचोळा काढलेल्या नळ्यांत मात्र फॉस्फेट उशिरा आणि थोडंच आलं. हा निकाल मला नुसत्या “पाणकणीस चांगलं” या निकालापेक्षा मोलाचा वाटतो. पाणकणीस साठवण करतं, पण साठवलेलं कोणीतरी वेळेवर उचलून न्यावं लागतं.

२७ ऑगस्ट

इथे रिमझिम, नाशिककडे मुसळधार. मराठवाड्याचं धरण वरच्या पावसावर भरतं, हे इथे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. लाल-तपकिरी गढूळ पाणी आलं, विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, एकदम खाली आली. पहिली धसकटं बुडाली.

११ सप्टेंबर

मामांचा पंधरवडा खरा ठरला. धसकटावरच्या उथळ पाण्यात पहाटे ऑक्सिजन जवळजवळ शून्य, विंकलरचा साका पांढराशुभ्र. अमोनियमही आहे. दुपारी शैवालामुळे पीएच चढला की हेच अमोनियम घातक होतं: २५ अंशाला पीएच ८ असताना त्यातला पाचेक टक्केच भाग विषारी अमोनिया असतो, पीएच ९ ला तिसऱ्या हिश्शाहून जास्त. मासोळीचं पिल्लू अशा पाण्यात थांबेल कसं? थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं टाकणारे भोई काका म्हणाले, “ह्या अंगाला जाळं टाकत नसतो आम्ही, गौरी गणपती झाल्याशिवाय.”

कापलेल्या पाणकणसाच्या बाजूला पहाटेचा ऑक्सिजन बरा, फॉस्फेट कमी. न कापलेल्या बाजूला दोन्ही वाईट, धसकटाहून थोडं बरं इतकंच. नळ्यांनी जे सांगितलं तेच काठाने सांगितलं. एका हंगामाचा, एका खाचेचा निकाल आहे, पण दिशा पक्की आहे.

१३ ऑक्टोबर

गाळपेरीचे शेतकरी बांधावर जमले. आकडे सांगितले, साक्याच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या. गाळपेर बंद करा असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातल्याही कितीतरी घरांची भाकरी या पट्ट्यावर आहे. मागणं एवढंच होतं की रान आणि पाणी यांच्यामध्ये पाणकणीस-लव्हाळ्याची पट्टी न नांगरता राहू द्यावी, डीएपी पेरून मातीत गाडावं, वरून फोकू नये.

मामांची हरकत मोटारीची होती. “पट्टी ठेवली तर चारी बुजती. दर आठ दिसाला कोण उपसणार?”

जानेवारीतली नोंद इथे कामाला आली. चारीतलं पाणकणीस पाण्याखाली कापायचं, म्हणजे ते पुन्हा येणार नाही. पट्टीतलं पाण्याच्या वर, हिरवं असतानाच कापायचं. वाळेपर्यंत थांबलं तर त्यातलं बरंचसं अन्न कंदात परत जातं आणि हाती नुसतं पाचट येतं. कापलेलं बांधाच्या वर, पुढच्या वर्षी पाणी चढणार नाही इतक्या उंचीवर खड्ड्यात कुजवायचं आणि ते खत रानाला वापरायचं. मामांनी आधी एका चारीवर करून बघू म्हटलं. शेजारच्या दोघांनी पट्टीला होकार दिला, तिघांनी नाही. नकार देणाऱ्यांची राने तुलनेसाठी घेऊ का विचारलं, त्याला कोणाची ना नव्हती.

या हंगामाची कामं: पट्टीची रुंदी तीन वेगवेगळ्या मापांत ठेवणे, हिरव्या कापणीतल्या नत्र-फॉस्फरसचं वजन काढणे, म्हणजे मामांना गोण्यांच्या भाषेत उत्तर देता येईल, नांगरटीखालच्या गाळातलं काराचं बियाणं तपासणे. पहिले नमुने गव्हाच्या पेरणीआधी, खत पडायच्या आत घ्यायचे.